मरणारच होती, मग धरली तर काय बिघडले?

बकरी ईदच्या आधी राजस्थानातून देवनारच्या बाजारात बकरे आणणाऱ्या कोणत्याही व्यापाऱ्याला विचारा. शंभर बकरे ट्रकमध्ये चढविले तर शंभरच्या शंभर उतरतील, असा हिशोब तो कधी धरीत नाही. उन्हाने, दाटीने, आजाराने वाटेत काही जनावरे दगावतातच. ही 'मर' तो आधीच खर्चात धरतो आणि मगच भाव सांगतो. मर कमी धरली तर बाजार उठल्यावर हातात तोटा उरतो. जास्त धरली तर भाव चढतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या दावणीकडे वळते. कोंबड्या पाळणारे तर रोज सकाळी पहिले काम करतात ते मर मोजण्याचे.

समुद्रातील कोळंबीचा सरकारी हिशोबही याच मरीवर उभा आहे. फरक एवढाच की बकरे मोजून चढविता येतात आणि मेलेली कोंबडी उचलून बाजूला ठेवता येते, परंतु पाण्याखाली किती कोळंबी आपोआप मेली हे कोणीही पाहिलेले नाही. या न पाहिलेल्या मरीला शास्त्रज्ञ 'नैसर्गिक मृत्युदर' म्हणतात. साठा किती आहे, किती बोटींनी धरावा, कोणत्या महिन्यात धरावा, या साऱ्या सल्ल्याच्या मुळाशी हा एक आकडा असतो. मिरकरवाडा, राजिवडा, साखरी नाटे येथील आमचे दालदी बांधव, ससून डॉकवर माल घेणारे व्यापारी, बर्फवाले, जाळी विणणारे, होड्या बांधणारे सुतार, इंजिनाचे मिस्त्री, सोडे सुकविणारी कुटुंबे या सर्वांची रोजी त्या आकड्याशी बांधलेली आहे. आणि या सर्वांपैकी बहुतेकांनी त्याचे नावही ऐकलेले नाही. म्हणून आज या पानावर त्याच विषयावर लिहीत आहे.

बंदरावरचा युक्तिवाद

पावसाळी बंदी आली की बंदरावर एक वाक्य हमखास ऐकू येते. "कोळंबीचे आयुष्य ते किती? दीड-दोन वर्षांचे. आम्ही जून-जुलैत धरली नाही तर ती ऑगस्टपर्यंत थोडीच थांबणार आहे! काही आपोआप मरेल, काही मोठे मासे गिळतील. मरणारच होती, मग धरली तर काय बिघडले?"

हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. कोळंबी खरोखरच अल्पायुषी आहे. घोळ किंवा वाम यांच्यासारखी ती वर्षानुवर्षे जगत नाही. पण या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे जितकी कोळंबी मरते तितकी ती वाढत नाही. हे खरे की खोटे, हे बोलून ठरणार नाही. ते हिशोबाने ठरेल. म्हणून वही उघडू या.

समजा समुद्रात १००० कोळंबी आहे आणि प्रत्येकीचे वजन १० ग्रॅम आहे. म्हणजे माल झाला १० किलो, काउंट किलोला १००. आपण ती धरली नाही आणि दोन महिन्यांत प्रत्येकीचे वजन २० ग्रॅम झाले असे धरू. आता मर किती? महिन्याला १८ टक्के मेली, तर पहिल्या महिन्याअखेर ८२० उरतील आणि दुसऱ्या महिन्याअखेर सुमारे ६७२. त्यांचे वजन भरेल साधारण साडेतेरा किलो, काउंट ५०. म्हणजे दोन महिने थांबल्यामुळे वजन तिसऱ्या हिश्श्याने वाढले आणि माल दुप्पट मोठा झाला.

आता तोच हिशोब महिन्याला ३३ टक्के मर धरून करा. दोन महिन्यांनी सुमारे ४४९ उरतील. वजन भरेल जेमतेम नऊ किलो. म्हणजे एक किलो माल समुद्रातच गेला. मोठ्या काउंटला भाव अधिक मिळतो म्हणून पैशाचा तोटा कदाचित होणार नाही, पण नफ्याची खात्रीही उरत नाही.

कोळंबी तीच, समुद्र तोच, बंदी तीच. मरीचा आकडा बदलला आणि थांबण्याचा फायदा तोट्याच्या उंबरठ्यावर आला. 'मरणारच होती' या वाक्याचे खरेखोटेपण या एका आकड्यात आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लहान कोळंबी झपाट्याने वाढते, मोठी झाल्यावर वाढ मंदावते, पण मर काही थांबत नाही. त्यामुळे लहान कोळंबीच्या बाबतीत थांबणे बहुधा फायद्याचे ठरते, आणि पुरी वाढलेल्या कोळंबीच्या बाबतीत बंदरावरचे वाक्य बरेचसे खरे ठरते. दोन्ही माल एकाच जाळ्यात येतो, ही अडचण आहे.

केरळात हेच भांडण झाले

आपल्याकडे हा वाद चहाच्या टपरीवर होतो. केरळात तो समित्या, मोर्चे आणि न्यायालयापर्यंत गेला. कोल्लमजवळच्या नींडकरा बंदरात पावसाळ्याच्या तोंडावर 'करिक्काडी' नावाची कोळंबी मोठ्या प्रमाणावर मिळते. हीच जात आपल्या किनाऱ्यावरही सापडते. पारंपरिक मच्छीमारांचे म्हणणे होते की पावसाळ्यात ट्रॉलर बंद करा, नाही तर साठा बसेल. ट्रॉलरमालकांचे म्हणणे होते की करिक्काडी याच दिवसांत हाताला लागते. आज सोडली तर ती पुढे मिळणार नाही, खोल पाण्यात जाईल किंवा मरून जाईल.

१९८० च्या दशकात केरळ सरकारने एकामागून एक तज्ज्ञ समित्या नेमल्या. १९८८ साली पावसाळी ट्रॉलबंदी आली तेव्हा नींडकऱ्याला त्यातून वगळण्यात आले, म्हणजे करिक्काडीचा युक्तिवाद त्या वर्षी मान्य झाला. पुढच्या वर्षी बाळकृष्णन नायर समितीच्या शिफारशीनंतर ती सवलत गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १९९० च्या दशकात न्यायालयाने बंदी उचलून धरली. आज केरळात दरवर्षी १० जून ते ३१ जुलै ट्रॉलिंग बंद असते. आपल्या महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते.

बंदीला केवळ हाच एक आधार आहे असे नव्हे. अनेक जातींची वीण, खवळलेला समुद्र, लहान होडीवाल्याचा हक्क ही कारणेही आहेत, आणि ती खरी आहेत. परंतु 'मरणारच होती' या प्रश्नाला हिशोबाने उत्तर द्यायचे तर त्या जातीची, त्या पाण्यातली मर किती, हे सांगावे लागते. ते पक्के सांगणे तेव्हाही अवघड होते आणि आजही अवघडच आहे.

आकडा येतो कोठून?

माशाच्या कानात एक बारीक खडा असतो. त्यावर झाडाच्या खोडासारखी वळी पडतात आणि ती मोजून वय कळते. कोळंबी मात्र वरचेवर कात टाकते. जुने कवच गेले की त्याबरोबर वयाची खूणही जाते. त्यामुळे शास्त्रज्ञ बंदरावर येऊन कोळंबीची लांबी मोजतात आणि लांबीवरून वय अंदाजतात. लहान मापाची किती, मोठ्या मापाची किती, यावरून एकूण मर निघते. ही एकूण मर म्हणजे दोन खात्यांची बेरीज आहे. एक खाते आपल्या जाळ्यांचे, दुसरे निसर्गाचे. बेरीज कळते, पण दोन खाती वेगळी कशी करायची?

याला काही वाटा आहेत. पहिली वाट खुणेची. जिवंत कोळंबीला खूण बांधून समुद्रात सोडायची आणि किती परत जाळ्यात येतात ते पाहायचे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर असे प्रयोग झाले. तेथील टायगर कोळंबीच्या गणितात आठवड्याला ०.०४५ हा दर धरतात, म्हणजे दर आठवड्याला शंभरातील साधारण साडेचार नैसर्गिक कारणांनी मरतात. ही वाट खर्चाची आहे. खूण बांधताना काही कोळंबी दगावते, आणि खूण सापडूनही ती कोणी परत केली नाही तर आकडा बिघडतो.

दुसरी वाट आयुष्याची. दोन वर्षांनी शंभरातली एक उरते असे धरले तर वार्षिक दर निघतो २.३. दीड वर्षाने एक उरते असे धरले तर तोच दर ३.०७ होतो. हा दर एकाहून मोठा पाहून गोंधळू नये. तो चक्रवाढीच्या उलट रीतीने मोजतात. दर २ म्हणजे वर्षअखेर शंभरातील १३-१४ जिवंत, दर ३ म्हणजे जेमतेम ५. मोठ्या जातींच्या कोळंबीसाठी जगभर बहुधा २ ते ३ च्या आसपासचा दर धरला जातो. वरच्या हिशोबातील महिन्याची १८ टक्के मर ही त्याच्या मधली, २.४ ची आहे.

तिसरी वाट सूत्राची, आणि आपल्या देशात तीच सर्वांत जास्त मळलेली आहे. डॅनियल पॉली या शास्त्रज्ञाने १९८० साली माशांच्या १७५ साठ्यांची माहिती जमवून एक सूत्र काढले. माशाची जास्तीत जास्त लांबी, वाढीचा वेग आणि पाण्याचे तापमान घातले की मर निघते. सूत्र सोपे आहे, खर्च काही नाही, म्हणून ते गाजले. पण ते बांधले होते माशांच्या माहितीवर. कोळंबी हा मासा नव्हे. मापे घेऊन बांधलेली एका गावची होडी दुसऱ्या गावच्या खाडीत चालतेही, पण ती तेथे चालवून पाहिल्याशिवाय कोणी सुतार छातीठोक सांगत नाही.

एका आकड्याने काय बदलते?

समजा एका बंदराच्या कोळंबीची एकूण मर वर्षाला ६ निघाली. नैसर्गिक मर २ धरली तर आपल्या जाळ्यांच्या खात्यावर पडतात ४, म्हणजे दोन तृतीयांश. अनेक अहवालांत ठोकताळा असा की जाळ्यांचा हिस्सा निम्म्यावर गेला की मासेमारी जास्त झाली. मग शिफारस येईल, बोटी कमी करा. नैसर्गिक मर ३ धरली तर जाळ्यांचे ३, बरोबर निम्मे. शिफारस येईल, आहे तेवढेच ठेवा. आणि ३.५ धरली तर जाळ्यांचे अडीच, निम्म्याहून कमी. शिफारस येईल, अजून वाव आहे.

एकाच बंदरात, एकाच वर्षी, त्याच मापांवरून तीन निकाल! आकडा कमी धरला तर गरिबाची बोट विनाकारण किनाऱ्याला लागते. जास्त धरला तर आज सर्वांना परवाने मिळतात आणि पाच वर्षांनी जाळी रिकामी येतात. दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा मोठे आहे, कारण बंद ठेवलेली बोट पुन्हा सोडता येते. बसलेला साठा मात्र परवान्याने वर येत नाही.

शिवाय हा दर काळ्या दगडावरची रेघ नाही. कोळंबीची मादी खोल पाण्यात लाखांच्या हिशोबात अंडी घालते. पिल्ले खाडीत येतात, तेथे वाढून पुन्हा समुद्रात जातात. अगदी लहान वयात मर प्रचंड असते, पुढे कमी होते. बोंबील जवळ्यावर जगतो, ढोमा आणि शिंगाळाही कोळंबी खातात. आपण हे मासे उपसून काढले तर कोळंबीची नैसर्गिक मर कमी होते. खाडीत कारखान्याचे पाणी सोडले, तिवरे तोडली तर ती वाढते. म्हणजे 'नैसर्गिक' म्हटल्या जाणाऱ्या या मरीतही माणसाचा हात आहे. खाडी बिघडविणाऱ्याच्या चुकीचे माप मच्छीमाराच्या पदरात पडू नये, यासाठी तरी हा आकडा आपल्या पाण्यात मोजला गेला पाहिजे.

आपण काय करावे?

काही बांधव म्हणतील, जीवन-मरण अल्लाहच्या हाती, त्याचा अंदाज माणसाने काय लावावा? पण बकऱ्याचा व्यापारी मर धरतो तेव्हा तो तकदीरीशी भांडत नाही, तो आपला हिशोब चोख ठेवतो. मापात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह अल्-मुतफ्फिफीन आहे. तराजू केवळ गिऱ्हाइकासमोरचाच नसतो. समुद्र ही आपल्याकडे आलेली अमानत आहे, आणि पुढच्या पिढीला तिचे माप देताना काटा मारणे हेही कमी मापच होय.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, मागणी. मच्छीमार सोसायट्यांनी आणि व्यापारी संघटनांनी मत्स्यव्यवसाय विभागाकडे मागावे की कोळंबीबाबत कोणताही निर्णय घेताना नैसर्गिक मर किती धरली, ती कोणत्या वाटेने काढली, आणि ती थोडी कमी वा जास्त धरली असती तर निर्णय बदलला असता काय, हे मराठीत, बंदरावरच्या फळ्यावर लावावे. वजनकाट्यावर शिक्का पाहण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. हा तसाच हक्क आहे.

दुसरी, वही. शास्त्रज्ञ बंदरावर महिन्यातून काही दिवस येतो. व्यापारी तेथे रोज असतो. किती किलो आली, काउंट काय, जात कोणती, बोट किती वाव पाण्यात होती, किती तास जाळे ओढले, यांतील बरेचसे त्याच्या वहीत आधीच असते. वर्षानुवर्षांचा असा हिशोब जमला तर कोणत्या महिन्यात काउंट कसा बदलला आणि बोटी कमी असताना एकूण मर किती उतरली हे दिसू लागते. ज्या वर्षांत बोटी कमी निघाल्या आणि ज्या वर्षांत जास्त निघाल्या त्यांची मर शेजारी ठेवूनही नैसर्गिक मरीचा अंदाज काढता येतो. आपल्याकडे मुंबईत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्र आहे, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. त्यांना हा हिशोब हवाच असणार.

येथे मनातली भीतीही बोलून टाकतो. वही बाहेर गेली की पाठोपाठ आयकरवाला येईल, असे अनेकांना वाटते. त्याला उपाय सोपा आहे. भाव लिहू नका, खरेदीदाराचे नाव लिहू नका. फक्त तारीख, जात, वजन, काउंट, पाण्याची खोली आणि जाळे ओढल्याचे तास एवढेच वेगळ्या वहीत उतरवून सोसायटीमार्फत द्या. कोळंबीच्या लांबीवर कर बसत नाही. आणि बंदीच्या दिवसांतील चोरटा माल वहीत नसतो हेही आपण जाणतो. तो लपविला की एकूण मरीचा आकडा चुकतो आणि तोच चुकीचा आकडा उद्या आपल्याच गळ्यात पडतो.

तिसरी, सबुरी. आकडा पक्का होईपर्यंत सुरक्षित बाजूला राहावे. सर्वांत लहान मालाच्या बाबतीत थांबणे बहुधा फायद्याचेच, हे वरच्या हिशोबात दिसले. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर १९८१ पासून दर उन्हाळ्यात काही आठवडे समुद्रातील कोळंबी धरणे बंद ठेवतात, ते याचसाठी, की खाडीतून बाहेर आलेली लहान कोळंबी मोठी होऊन चांगल्या भावाने जावी. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरही कोळंबीचा हंगाम १ ऑगस्टला उघडून सहा महिने चालतो. आपल्याकडे मात्र उचल देणारा व्यापारीच अनेकदा तांडेलाला म्हणतो, काहीही आण पण पहिल्या दिवशी आण. मग बोटी नखाएवढी कोळंबी भरून आणतात आणि ती मातीमोल भावाने खाद्याच्या कारखान्यात जाते. दोष एकट्या तांडेलाचा नाही. ज्याची उचल, त्याचा हुकूम. अगदी लहान माल आम्ही घेणार नाही, असे दहा व्यापाऱ्यांनी मिळून ठरविले तर ते कोणत्याही सरकारी नोटिशीपेक्षा लवकर लागू होईल.

परदेशी बाजारही आता कागद मागतो. २०१९ साली अमेरिकेने भारतातील समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे बंद केले, कारण जाळ्यांत कासव सुटण्याची सोय नव्हती. उद्या दुसरा एखादा ग्राहक विचारील, तुमचा साठा टिकून आहे याचा पुरावा काय? तेव्हा आपल्या पाण्यात मोजलेला आकडा हातात नसेल तर दुसऱ्याच्या समुद्रावरून काढलेला आकडा आपल्याला लावला जाईल, आणि तो आपल्या सोयीचा असेलच असे नाही.

बंदरावर पुन्हा कोणी म्हणाले, "मरणारच होती," तर त्याला एवढेच विचारावे, "भाई, किती मरणार होती?" बकऱ्याच्या बाजारात या प्रश्नाचे उत्तर नसलेला व्यापारी एक हंगामही टिकत नाही. मच्छीच्या बाजारात आपण पिढ्यान् पिढ्या त्याशिवाय धंदा करीत आलो, कारण समुद्र भरलेला होता. आता तो हिशोब मागतो आहे. तो आपण स्वतः मांडला तर इन्शाअल्लाह त्यात बरकतही राहील. व्यापारी आणि मच्छीमार बांधवांनी याचा विचार करावा, एवढीच विनंती.